पॅड सोडून पायपुसण्यावरच शू? लहान कुत्र्याला शिकवताना या चुका टाळा

शू शोषून घेणारं पॅड मांडून आठवडा झालेला असतो. पिल्लू पॅडवरून चालत जातं, पलीकडच्या पायपुसण्यावर थांबतं आणि निवांत शू करतं. घरची मंडळी लगेच निकाल देऊन मोकळी होतात: लई हट्टी आहे!

कुत्रं शूची जागा तळपायांनी आणि नाकाने ओळखतं. वयाच्या साधारण ७ ते ९ आठवड्यांत पायाखाली जे लागतं, त्याची सवय पक्की होऊ लागते. तोवर ते गोणपाटावर किंवा रद्दीवर वाढलं असेल, तर तुमचं सुती पायपुसणं, गोधडीचं टोक, खाली पडलेला पेपर या त्याच्या ओळखीच्या जागा. बाजारातलं गुळगुळीत पांढरं पॅड त्याच्या हिशेबात कुठेच बसत नाही. हट्टी ठरवण्याआधी ते काय शिकून आलंय, ते बघा.

सातारा-सांगलीकडे पॅडची गरज खरोखर पडते. लसींचे डोस साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूच्या धोक्यामुळे पिल्लाला रस्त्यावर सोडता येत नाही. साताऱ्यात पावसाची झड लागली की तीन किलोचं पॉम, म्हणजे पॉमेरेनियन, दारातूनच मागे फिरतं. (आपल्याकडे पॉम म्हणून मिळतं ते बहुतेक इंडियन स्पिट्झ असतं, शिकवण्याची रीत तीच.) आणि सांगलीत २००५, २०१९ किंवा २०२१ सारखा कृष्णेला पूर आला, तर वरच्या मजल्यावर अडकलेल्या घरात पॅडशिवाय गती नाही. ही सवय पाणी चढायला लागल्यावर लावता येत नाही.

पायपुसणी तशीच ठेवून पॅड मांडणं

पहिले तीन आठवडे पायपुसणी, सतरंज्या, लोळणाऱ्या गोधड्या उचलून ठेवा. दोन मऊ गोष्टी शेजारी असतील तर कुत्रं ओळखीची निवडणार.

मग पॅडच ओळखीचं करा. पिल्लू गोणपाटावर वाढलं असेल तर पॅडच्या मधोमध हातभर गोणपाट ठेवा, रद्दीवर वाढलं असेल तर पेपर. त्यावर चार-पाच वेळा शू झाली की तुकडा निम्मा करा, तीन दिवसांनी पुन्हा निम्मा. शेवटी वीतभर तुकडा उरतो, तोही काढून टाकायचा. घाई केली आणि पिल्लू चुकलं, तर मागच्या मापावर या.

धुवून वापरायचं कापडी पॅड सुरुवातीला घेऊ नका. स्वस्त पडतं हे खरं, पण पायाला ते पायपुसण्यासारखंच लागतं आणि पावसाळ्यात वाळत नाही. पुढे घेतलंच, तर धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड टाकू नका; त्याने कापडाची शोषण्याची ताकद कमी होते.

घर मोकळं, पिल्लू मोकळं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दोन महिन्यांच्या छोट्या जातीच्या पिल्लाला हॉल, किचन आणि दोन खोल्या मोकळ्या दिल्या, तर लागल्यावर ते पॅड शोधत येणार नाही. मूत्राशय लहान, जागेपणी तास-दीड तासाच्या वर धरवत नाही, आणि कळ आल्यावर हाताशी उरतात ती काही सेकंदं.

४ बाय ४ फुटांचं कुंपण करा. जाळीचा प्लेपेन नसेल तर दोन आडव्या फळ्यांनी कोपरा अडवला तरी चालतं. एका टोकाला अंथरूण आणि पाणी, दुसऱ्या टोकाला ६० बाय ६० सेंटीमीटरचं पॅड. खाण्याच्या भांड्याला पॅड चिकटून नको. जेवतो तिथे घाण करायला कुत्रं सहसा राजी नसतं.

वेळा ठरलेल्या असतात: झोपेतून उठल्याबरोबर, खेळ थांबल्यावर, खाल्ल्यानंतर ५ ते ३० मिनिटांत आणि रात्री दिवा मालवण्याआधी. त्या वेळी पट्टा लावून पॅडपाशी न्या आणि गप्प उभे राहा. गप्पच. तीन ते पाच मिनिटं. बोलणं, गोंजारणं, खेळवणं नाही.

शू झाली नाही तर काय? बहुतेक घरांत इथेच गाडी घसरते. "नाही वाटतं लागली" म्हणून पट्टा सुटतो आणि दोन मिनिटांत सोफ्यामागे तळं. पॅडवर झाली नाही, तर पिल्लू हॉलमध्ये जात नाही. कुंपणात किंवा मांडीवर राहतं, आणि १०-१५ मिनिटांनी पुन्हा पॅडवर. झाली, की अर्धा तास हॉल मोकळा. सलग सात दिवस एकही चूक नसेल तर आणखी एक खोली उघडा.

शब्द घरभर एकच हवा. आजी "शू" म्हणणार, नातू "पॉटी" आणि बाबा "गो गो", तर कुत्र्याला यातलं एकही कळत नाही.

पाय पॅडवर, शू फरशीवर

नीट बघा: पुढचे दोन पाय पॅडवर, मागचे काठावर, आणि धार बरोबर बाहेर. त्याच्या लेखी काम चोख झालंय. पायाखाली पॅड लागलं होतं. इथे ओरडलात तर पॅडवर जाण्याचीच शिक्षा मिळाल्यासारखं होतं.

चूक मापात असते. कुत्रं शू करण्याआधी हुंगत गोल फिरतं, म्हणून पॅडवर त्याला एक पूर्ण फेरी घेता आली पाहिजे. ४५ बाय ६० चं पॅड डॅक्सहुंडसारख्या लांब अंगाच्या कुत्र्याला अपुरंच. ६० बाय ९० घ्या, किंवा दोन पॅड ५ सेंटीमीटर एकमेकांवर चढवून चिकटपट्टीने जोडा. तीन-चार सेंटीमीटर कडेचा ट्रे असेल तर मागचे पायही आत आल्याशिवाय कुत्र्याला नीट उभं राहता येत नाही.

ट्रेचा दुसरा फायदा पंख्याखाली कळतो. सुटं पॅड फडफडतं, भित्रं कुत्रं एकदा दचकलं की आठवडाभर जवळ फिरकत नाही. पॅड फाडणाऱ्या पिल्लासाठी वरून जाळी असलेला ट्रे मिळतो. मात्र जाळी पायाला टोचते म्हणून काही कुत्री तो नाकारतात, तेव्हा आधी बिनजाळीचा वापरून बघा. फाडण्याकडे दुर्लक्ष नको. पॅडमध्ये पाणी शोषून फुगणारे दाणे असतात. पॅडचे तुकडे गिळले गेले तर आतड्यात अडकू शकतात.

फिनेल मारलं, वास गेला

आपल्या नाकाचा गेला. कुत्र्याला फिनेलच्या आडून शूचा वास येतोच, आणि जिथे वास तिथे पुन्हा शू.

जुन्या घरांतली शहाबादी फरशी इथे त्रास देते. ती चुनखडीचा दगड आहे. शू दगडात आणि त्याहून जास्त सांध्यांत मुरते. व्हिनेगर शिंपडण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण आम्लाने शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर खरवडल्यासारखे होतात, चमक जाते. व्हिनेगर सिरॅमिक टाइल्सपुरतं, तेही निम्मं पाणी घालून. ब्लीचिंग पावडर शूवर टाकू नका. शूमधल्या अमोनियाशी मिसळून घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो. काळं फिनेल तर कुत्र्याच्या घरात नकोच, त्यातले घटक तळपायांना लागतात आणि चाटून पोटात जातात.

आधी रद्दीने टिपून घ्या, घासू नका. मग साध्या पाण्याने दोनदा पुसा, म्हणजे आधीच्या फिनेलचा अंश निघेल. तो राहिला तर एन्झाइम क्लीनर (शूचे घटक मोडून वास घालवणारं द्रव) नीट काम करत नाही. त्यानंतर एन्झाइम क्लीनर सांधा भिजेल इतका ओता आणि १५ मिनिटं ओला राहू द्या. जुना डाग असेल तर वर ओलं फडकं टाकून रात्रभर. उकळतं पाणी वापरू नका, एन्झाइम निकामी होतात. डाग कुठे आहे तेच कळत नसेल, तर रात्री दिवे घालवून यूव्ही (अतिनील प्रकाशाची) टॉर्च मारा. जुनी शू पिवळसर हिरवी चमकते. साबणाचे डागही चमकतात, तेव्हा वाकून वास घ्यायचं सुटत नाही.

उलट, पॅडवर थोडा वास हवा. शू टिपलेला टिश्यू नव्या पॅडखाली सरकवा. चार किलोच्या कुत्र्याचं पॅड दोन-तीन शूंनंतर बदला, शी झाली तर लगेच. चिंब पॅडवर पाय ठेवायला बरीच कुत्री नाराज असतात.

उशिरा दिलेला खाऊ, चुकीचा खाऊ

खाऊ शू संपल्यावर दोन सेकंदांत, पॅडपाशीच. फ्रीज उघडून आणेपर्यंत कुत्र्याने दुसरंच काही केलेलं असतं आणि बक्षीस त्याचं होतं. बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर, तुरीच्या दाण्याएवढं, डबी ट्रेच्या वर खिळ्याला टांगलेली.

सांगली-तासगावच्या घरात बेदाण्याचा डबा हाताशी असतो, म्हणून हे ठळक: बेदाणा आणि द्राक्ष कुत्र्याला कधीही नाही. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नसतो. खाल्लंच तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टर गाठा. साताऱ्याचा कंदी पेढा विषारी नाही, पण साखर आणि खवा छोट्या पोटाला कशाला?

शूत नाक घासणं

याने कुत्रं एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते पलंगाखाली जातं, आणि तुम्ही पॅडपाशी उभे असताना तर मुळीच करत नाही. "त्याला कळतं, बघा कसं तोंड करतं" यालाही अर्थ नाही. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ सालच्या प्रयोगात तो अपराधी चेहरा चूक केल्याने नव्हे, मालक रागावल्याने दिसला होता. करताना सापडलं तर एक टाळी वाजवा, उचला, पॅडवर ठेवा. नंतर दिसलं तर फडकं घ्या.

पाय वर करणारा नर, आणि सरकतं पॅड

६ ते १२ महिन्यांच्या दरम्यान नर पाय वर करू लागतो आणि आडवं पॅड त्याच्या कामाचं राहत नाही. एक लिटरची भरलेली बाटली ट्रेमध्ये मधोमध उभी करा आणि तिला पॅड गुंडाळा. नसबंदीने बऱ्याच नरांचं हे कमी होतं, सगळ्यांचं नाही.

पॅड हॉलमधून गॅलरीत न्यायचं असेल तर दिवसाला १५-२० सेंटीमीटर. एकदम नेलं तर कुत्रं जुन्या जागेवरच करणार. आणि कुत्रं आपण होऊन मोरीत जात असेल, तर पॅडचा हट्ट सोडा. पाणी ओतलं की झालं.

पाणी तोडणं

शू कमी व्हावी म्हणून वाटी उचलणं, तेही सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये, ही शुद्ध क्रूरता. चार किलोचं कुत्रं दिवसाला साधारण २०० ते २५० मिली पाणी पितं. रोज ४०० च्या वर जात असेल, शिकलेलं कुत्रं अचानक चुकायला लागलं असेल, थेंब-थेंब किंवा लालसर शू होत असेल, तर तो शिकवण्याचा प्रश्न नाही. संसर्ग, मूतखडा, मधुमेह तपासावा लागतो. जोर करूनही शू होतच नसेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

तपासणीला शूचा नमुना लागतो, तेव्हा पॅड उलटं घाला, प्लास्टिकची बाजू वर. शू शोषली जात नाही, मधोमध साचते. सुई काढलेल्या नव्या सिरिंजने ५ मिली ओढून घ्या, स्वच्छ डबीत भरा आणि तासाभरात पोचवा. उशीर होणार असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही.