वॉटरकलर शिकाचं असंल त आधी पाणी समजून घ्या

कागद जाड घ्या भाऊ, ३०० जीएसएमचा (म्हंजे एका चौरस मीटरले ३०० ग्रॅम वजनाचा), शाळेच्या ड्रॉइंगबुकाचा पातळ कागद पाणी लागलं की पापडासारखा वाकते. चारही बाजूनं टेपनं पॅडवर चिकटवून टाका.

आभाळ काढाचं असंल त आधी साध्या पाण्यानं कागद ओला करा, तिरपा धरून पाहा, चमक दिसली पाहिजे पण ओघळ नाही, अन् मंग निळा रंग सोडा, तो आपोआप पसरते. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी हे जमतच नाही, अर्धं आभाळ होईस्तोवर बाकीचं वाळते अन् मधात कडक रेघ उमटते, म्हणून सकाळीच बसा, अन् पंखा बंद (घामाचं पाहून घ्या).

पळसाच्या फुलाची कडा धारदार पाहिजे त कागद पूर्ण वाळू द्या. हाताची मागची बाजू टेकवा, थंड लागला म्हणजे अजून ओलाच हाय.

पऱ्हाटीचा कापूस दाखवाले पांढरा रंग लावू नका, तेवढा कागद कोराच सोडा अन् भवतालची पानं गडद करा. फिक्यापासून गडदकडं जाचं, उलटं नाही. रंग वाळला की फिका पडते, म्हणून लावतानी जरासा जास्तच घ्या. पाण्याचे डबे दोन ठेवा, एक ब्रश धुवाले, दुसरा स्वच्छ.