जमीन सुधारणेचे एआय व्हिडिओ करताय? या चुका टाळा

गेली दोन वर्षं राजापूर आणि देवगड तालुक्यातल्या गावांत जमीन सुधारणेचं प्रशिक्षण देताना मी एआयने केलेले व्हिडिओ वापरतेय. आता बचत गटातल्या ताया, संस्थांमधली तरुण मुलं, सगळेच असे व्हिडिओ करायला लागलेत आणि "एकदा बघून घ्या" म्हणून माझ्याकडे पाठवतात. दर वेळी त्याच चुका दिसतात आणि जीव तळमळतो. कारण शेतकरी व्हिडिओ नुसता बघत नाही, तो बघून कुदळ उचलतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उताराचं काम एआयवर सोपवणं. सलग समतल चर उताराला आडवा आणि एका पातळीत असतो. पाणी त्यात थांबतं आणि मुरतं. पण 'डोंगरउतारावर चर खणणारे शेतकरी' एवढंच लिहिलं की एआय बहुतेक वेळा चर वरून खाली, पाटासारखा काढून देतो. आठ सेकंदांच्या क्लिपमध्ये ते चटकन लक्षात येत नाही, नजर माणसांच्या चेहऱ्यावर असते.

माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पहिल्याच वर्षी एप्रिलमध्ये मी अशी एक क्लिप असलेला व्हिडिओ एका वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. प्रत्यक्ष आखणी मे महिन्यात शिकवायची होती. एका दादांनी तेवढा धीर धरला नाही. मुंबईहून भाऊ आला होता, हाताशी माणसं होती. काजूच्या नव्या लागवडीसाठी त्यांनी वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत चार दिवसांत आठ चर मारले, व्हिडिओत होते तसेच, वरून खाली. जुलैच्या जोराच्या पावसात त्या चरांचे व्हाळ, म्हणजे ओढे झाले. वरची माती खालच्या खाचरात उतरली आणि शेजाऱ्यांची नुकती झालेली भातलावणी चिखलाखाली गेली. मी पोचले तेव्हा ते शेजारी काका गुडघाभर चिखलात वाकून एकेक चूड हाताने मोकळा करत होते. मला ते एक शब्द बोलले नाहीत. आम्ही दोन दिवस गाळ उपसला, चरांत जागोजागी ताली, म्हणजे दगडांचे आडवे बांध घातले. गेलेली माती काही परत आली नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे. चर, मेर, बांध, ताल, जिथे पातळीचा संबंध येतो तिथे एआयचं चित्र नाही. ते फोनवर शूट करायचं, त्याच वाडीतल्या जमिनीवर. पातळी शोधायच्या ए-फ्रेमचंही तसंच. दोन सारख्या काठ्या, मध्ये आडवी पट्टी, वरून सोडलेली सुतळी आणि तिला बांधलेला दगड. सुतळी पट्टीवर जिथे थांबते तिथे खूण करायची, मग फ्रेमच्या दोन्ही पायांची अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा उभी करायची आणि दुसरी खूण करायची. या दोन खुणांच्या बरोबर मध्ये पातळी. एआयच्या ए-फ्रेममध्ये दगड झुलतच राहतो, आडवी पट्टी माणसाच्या हातात विरघळते. त्यावरून कोण काय शिकणार? आणि चरातून निघालेली माती खालच्या अंगाला टाकायची असते, एआय ती कुठेही टाकतो.

हत्यारं बघा. एआयचा शेतकरी लांब दांड्याचं फावडं पायाने दाबून माती उचलतो. जांभ्यात ते फावडं दोन बोटंही शिरत नाही, तिथे पहार आणि टिकाव लागतो. हे दिसलं की बायामाणसं लगेच ओळखतात की हे आपल्याकडचं नाही, आणि पुढचं ऐकणं थांबवतात.

दुसरी चूक मला तितकीच लागते, आणि ती आपल्या डोक्यातली आहे. 'पडीक जमीन हिरवी करा' असं सांगितलं की एआय उघडा कातळसडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार घेतो आणि त्यावर घनदाट जंगल उगवून दाखवतो. सातबारावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, लिहिलंय म्हणून सडा खराब होत नाही. पावसाळ्यात तिथे दीपकाडी फुलते, सीतेची आसवं फुलतात, गुरांना गवत मिळतं, पाणी भेगांतून खाली उतरून वाडीतल्या विहिरींना आणि झऱ्यांना पोचतं. राजापूर तालुक्यातल्या बारसू, देवाचे गोठणे, कशेळी इथल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत आणि कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. अशा जागी सुरुंग लावून, बाहेरची माती आणून रोपं लावायला शिकवणारा व्हिडिओ सुधारणा शिकवत नाही. सुधारायची आहे ती झाडं तोडून, वणवे लागून उघडी पडलेली उताराची जमीन. एका कार्यकर्त्याने मला विचारलं होतं, "पण सडा हिरवा झालेला छान दिसतो ना?" छान दिसण्यासाठी आपण व्हिडिओ करत नाही.

खारजमिनीचं स्क्रिप्ट एआयकडून लिहून घेतलंत तर 'जिप्सम टाका' हे वाक्य हमखास येतं. तो चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या जमिनीवरचा उपाय. आपल्याकडे भरतीचं पाणी आत येतं म्हणून जमीन खारते. आधी खारबंधाऱ्याला पडलेली खांड बुजवायची, उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी झडप दुरुस्त करायची, मग पावसाने मीठ धुवून न्यायचं आणि खार सोसणारी पनवेल जातीची भातं घ्यायची. बंधाऱ्याबाहेरची कांदळवनं लाटांचा मार अडवतात. एआय बंधारा 'स्वच्छ' दाखवायला ती पुसून टाकतो. अशी क्लिप आली तर काढून टाका.

'आधी आणि नंतर' आठ सेकंदांत दाखवू नका. काजूच्या कलमाला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. पडद्यावर वर्ष लिहा.

मराठी पाट्या एआयला काढायला लावू नका, जोडाक्षरं तुटतात. अक्षरं एडिटिंगमध्ये स्वतः टाका.

आवाजाबद्दल मात्र थोडं सविस्तर. मशीनचा आवाज 'चर' हा शब्द 'चहा'तल्या च-ने म्हणतो, 'जांभा' 'जय'मधल्या ज-ने. पहिल्या दोन वाक्यांत माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. त्यात 'शेतकरी बंधूंनो' अशी सुरुवात. समोर बसलेल्यांत निम्म्याहून जास्त बाया असतात! मी आता आवाज वाडीतल्याच कुणाचा तरी घेते. देवगडकडे एका ताईंनी मालवणीत बोलून दिलं, मध्येच कोंबडा आरवला, तो तसाच ठेवला.

आणि एआयचा माणूस खरा शेतकरी म्हणून खपवू नका. पहिल्या प्रशिक्षणात एका आजींनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "हो खंयचो? कोणाचो झील?" (हा कुठला? कोणाचा मुलगा?) माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेतकऱ्यांनीच शेतकऱ्यांसाठी केलेले व्हिडिओ गावोगाव दाखवणाऱ्या डिजिटल ग्रीन या संस्थेलाही हाच अनुभव आला की माणसं आधी विचारतात, पडद्यावरचा कुठल्या गावचा? आता मी सुरुवातीलाच सांगते, हे चित्र मशीनने काढलंय, माणूस खरा नाही, जमीन कशी वागते तेवढंच बघा.

मग एआय हवाच कशाला? जे कॅमेऱ्याला दिसत नाही त्यासाठी. वाळ्याचं मूळ सरळ खाली जाऊन माती कसं धरतं, उन्हाळ्यात खार जमिनीच्या पोटातून वर कसा चढतो, चरातलं पाणी कातळाच्या भेगेतून विहिरीपर्यंत कसं जातं. अशा क्लिप मी रेखाचित्रासारख्याच ठेवते. जिवंत जमीन दाखवायची असेल तर आपल्याच जमिनीचा फोटो पहिली चौकट म्हणून देते, नुसतं 'कोकण' लिहिलं की नारळ आणि समुद्रकिनाराच येतो.

घाई करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. संध्याकाळी व्हिडिओ तयार झाला म्हणून रात्री ग्रुपवर टाकू नका. मी तो आधी आवाज बंद करून वाडीतल्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला दाखवते. आवाज बंद असला की शब्द चित्राला सांभाळून घेत नाहीत. ते ज्या क्लिपला "थांब गो, परत लाव" म्हणतात, ती क्लिप जाते.