मोठं वाळवंट रंगवायचं काम मिळालं तर

वाळवंटाच्या निसर्गचित्रात आधाराला फारसं काही नसतं. झाडी नाही, घरं नाहीत, पाण्यातलं प्रतिबिंब नाही. सगळा भार छटांवर पडतो. टेकडीच्या दोन उतारांतला उजेड-सावलीचा फरक जरासा हुकला की टेकडी सपाट होते, आणि कॅनव्हास सहा बाय दहा फुटांचा असला तर ते खोलीच्या पार दुसऱ्या टोकावरूनही कळतं. म्हणून अशा कामात माझा सर्वाधिक वेळ तळहाताएवढ्या काळ्या-पांढऱ्या स्केचेसवर जातो. चार-पाच छटांत चित्र उभं राहत नसेल, तर रंग त्याला वाचवत नाहीत.

त्याआधी ग्राहकाला एक प्रश्न विचारायचा: कुठलं वाळवंट? सहाराचा मोठा भाग खडकाळ पठारांचा आणि खडीचा आहे. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटाच्या लाल टेकड्यांचा रंग वाळूच्या कणांवरच्या लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स जिप्समचं, म्हणून पांढरंशुभ्र. ‘सोनेरी वाळू हवी’ म्हणणाऱ्या दोघांच्या मनात दोन निराळे रंग असतात. चित्र लागणार ती भिंतही बघून यावी. तिथे पिवळे दिवे असतील तर ऑकर, म्हणजे मातकट पिवळा रंग, आणखी पिवळा दिसेल आणि सावल्यांतला निळा मलूल पडेल. दाराची मापं घ्या, जिन्याची वळणंसुद्धा.

करार लेखी हवाच. माप, आगाऊ रक्कम, कॉपीराइट कोणाकडे आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बदल कुठपर्यंत सुचवता येतील. माझी रीत अशी, की छोटं रंगीत स्केच मंजूर झालं की रचना पक्की. त्यानंतर टेकडी हलवायची तर वेगळे पैसे. यात संकोच करू नका.

आता टेकडीबद्दल. नवे चित्रकार तिचा पिरॅमिड करतात. खरी टेकडी दोन्ही बाजूंना सारखी नसते. वारा येतो ती बाजू हळूहळू चढत जाते, साधारण 10 ते 15 अंशांत. आडोशाची बाजू 32 ते 34 अंशांत कोसळते, कारण कोरडी वाळू त्याहून उभी टिकतच नाही. म्हणून चित्रातला वारा आधी ठरवा आणि जवळच्या टेकड्यांना त्याच्याच शिस्तीत बसवा. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण जागा खरी वाटते.

सावलीसाठी तपकिरीत काळा मिसळू नये. उघड्या आकाशाखालची सावली निळसर असते, आणि शेजारच्या तापल्या उतारावरून तिच्यात उबदार उजेडही येतो. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांतून मला ती बहुतेक सगळी मिळते. ‘दूरचं ते निळं आणि पुसट’ हा शिकवलेला नियमही इथे तपासून वापरा: कोरड्या स्वच्छ हवेत लांबची कडा धारदार राहते, धुळीच्या हवेत ती पिवळसर फिकट होते. दोन्हींपैकी कुठली हवा, हे एकदाच ठरवायचं.

मोठ्या कॅनव्हासवर हात घालण्याआधी मुख्य छटा भरपूर मिसळून झाकणाच्या डब्यांत ठेवा आणि प्रत्येकीचं प्रमाण लिहून ठेवा. अर्ध्या आकाशात रंग संपला तर तोच पुन्हा जुळवणं फार कठीण. तैलरंगात खालचे थर पातळ, वरच्यांत जवसाचं तेल जास्त. उलट झालं तर पुढे तडे जातात. ब्रश रुंद घ्या. मागे आरसा लावून चित्र उलटं बघत राहा, तोल गेला असेल तर लगेच दिसतो.

वाळूवरच्या लाटा सगळ्यांत शेवटी, त्याही फक्त पुढच्या भागात. क्षितिजाकडे त्या दाटत जाऊन नुसता पोत उरतो. लाटा रंगवायला मजा येते आणि हात थांबत नाही, म्हणून हे काम मी सकाळी ताज्या डोळ्यांनीच करतो.

अखेरचं व्हार्निश तैलचित्र पुरेसं वाळल्यावर, साधारण सहा महिने ते वर्षभराने लागतं. चित्र तोवर ग्राहकाच्या भिंतीवर गेलेलं असतं. त्यासाठी पुन्हा यावं लागेल, हेही करारातच लिहा.