परिचारिकांचा ड्युटी तक्ता लावताना या चुका टाळा

मराठवाड्यातील ग्रामीण रुग्णालयात काम कोलमडले की ‘पदे किती भरली आहेत?’ हाच प्रश्न आधी विचारला जातो आणि पहिली चूक तिथेच होते. एका जागी अहोरात्र परिचारिका हवी असेल तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. एकीचे ४८ तास धरले तरी साडेतीन जणी लागतात, आणि रजा, आजारपण जमेस धरले की चार जणीही कमीच पडतात. त्यातली एक प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याच्या ठिकाणी गेलेली असली, तरी कागदावर पद भरलेलेच दिसते. म्हणून रात्री दोन वाजता वॉर्डात किती जणी हजर आहेत आणि प्रत्येकीकडे किती रुग्ण आहेत, तेवढेच मोजावे.

संख्या पुरी झाली की शिक्षणाकडे दुर्लक्ष करणे, ही दुसरी चूक. युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतील शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये २०१४ साली प्रसिद्ध झाला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली, तर पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती ७ टक्क्यांनी घटलेली त्यात आढळली. हे आकडे तिकडचे आहेत, पण या दोन गोष्टी एकमेकींची जागा घेत नाहीत, हे आपल्यालाही तितकेच लागू आहे.

तरीही प्रमाणपत्र म्हणजेच कौशल्य असे मानू नये. झटके आलेल्या बाळंतिणीला मॅगसल्फचा, म्हणजे झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा, पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याखाली हातोडीने टकटक करून पाय हलतो का ते पाहावे लागते, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का ते मोजावे लागते, लघवी तासाला ३० मिली तरी होते का ते तपासावे लागते आणि त्यावरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवावे लागते. हे कशासाठी, ते शिक्षणाने कळते. अंधूक उजेडात, घाबरलेल्या नातेवाइकांच्या गराड्यात ते बिनचूक करणे सरावानेच जमते. आणि हे दोन्ही असलेल्या सिस्टरवर त्याच वेळी आणखी वीस रुग्णांचा भार असेल, तर पूर्ण मिनिटभर श्वास मोजायला तिला वेळच मिळत नाही. नव्या मुलीला एकटीला नाइट लावणे मला म्हणूनच अक्षम्य वाटते. निदान पहिले काही आठवडे तरी अनुभवी सिस्टर तिच्या जोडीला द्यावी.

प्रसूतिकक्षाचे प्रशिक्षण घेऊन आलेल्या सिस्टरला परतताच बाह्यरुग्ण विभागात बसवू नये.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात, आणि त्याआधी गरोदर बायकांची तपासणी उरकावी लागते. त्या पंधरवड्यात प्रशिक्षणाची नावे पाठवू नयेत. तक्ता भाद्रपदातच बसून लावावा.