पावसाळ्यात दम्याच्या माणसाची खोली कोरडी कशी ठेवावी

भिंतीवरची बुरशी पुसायला घेण्याआधी ओल कुठून येते ते शोधा. ओल तशीच राहिली तर पुसलेली बुरशी पुन्हा त्याच जागी उगवते.

माझ्या मुलीला दमा आहे आणि आमचं घर गोव्यात डिचोलीत, चिऱ्यांचं (जांभ्या दगडाचं), कौलारू. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलासुद्धा पांढऱ्या पडतात. बुरशीचे डोळ्यांना न दिसणारे बीजाणू हवेत उडतात, श्वासातून आत जातात आणि तिची छाती घरघरू लागते.

चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी वर ओढतो. भिंतीच्या तळाशी आडवा पट्टा दिसला तर ओल खालून चढतेय. वरून ओघळ असेल तर कौल सरकलंय किंवा पन्हळ तुंबलाय. म्हणून मे महिन्यातच कौलं परतून घ्या, पन्हळातला पालापाचोळा काढा, भिंतीला टेकवून रचलेली लाकडं आणि सोडणं (नारळाच्या सुक्या साली) दूर हलवा. अशा भिंतीला प्लास्टिक पेंट लावू नका, ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात. आम्ही चुनाच लावतो. चुन्याखालची भिंत सुकू शकते, शिवाय चुना अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहज धरत नाही.

बुरशी काढताना दम्याचं माणूस घरात नको. काढणाऱ्यानं एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कोरड्या झाडूनं कधीही झाडू नका, बीजाणू खोलीभर होतात. साबणाच्या पाण्यानं घासा, मग फडक्यानं कोरडं पुसा. ब्लीच वापरलंच तर त्यात व्हिनेगर, संडास धुवायचं ॲसिड किंवा अमोनिया अजिबात मिसळू नका. त्यातून निघणारा वायू धडधाकट माणसाचीही छाती जाळतो. बुरशी धरलेली कापसाची गादी, उशी आणि पुठ्ठ्याचे खोके टाकूनच द्यावे लागतात. उन्हात टाकून भागत नाही, कारण मेलेली बुरशीही ॲलर्जी देते. गळतीनं काहीही भिजलं तर 24 ते 48 तासांत सुकलंच पाहिजे.

आर्द्रतामापक घ्या, काही शे रुपयांत मिळतो. खोलीतला आकडा 60 टक्क्यांच्या खाली हवा, 50च्या आसपास असला तर उत्तम. धो-धो पावसात खिडकी उघडी टाकून हवा खेळती ठेवण्याचा सल्ला इथे उलटा पडतो, बाहेरची ओलच आत येते. तेव्हा खिडक्या बंद करून एसी ‘ड्राय’वर लावा किंवा डीह्युमिडिफायर चालवा. ओले कपडे तिच्या खोलीत वाळत घालणं आम्ही पूर्ण बंद केलंय. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. त्यात डांबराच्या गोळ्या नकोत, त्या वासानंही छाती आवळते.

धुळीतले किडेही दमटपणावरच वाढतात. चादरी-अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा, गादी-उशीला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घाला. झुरळांच्या विष्ठेची ॲलर्जी असते, म्हणून पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवलेली) सुकी मासळी, मिरच्या, सोलं घट्ट झाकणाच्या बरण्यांत ठेवा आणि रात्री खरकटं ठेवू नका. मच्छर कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा.

चवथीआधीचे (गणेश चतुर्थीआधीचे) दिवस मला सगळ्यात जोखमीचे वाटतात. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी उतरतात, माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगायची) चौकट निघते, वर्षभराची धूळ आणि ओल एकदम हलते. ही साफसफाई होईपर्यंत मुलगी आत्याकडे असते. आरतीच्या वेळी धूप आणि अगरबत्ती मोजकी, नि मुलगी दारापाशी बसते. देवाच्या सेवेत यानं काही उणं पडत नाही, असं मी वडीलधाऱ्यांना स्पष्ट सांगते.

यातलं काहीही औषधाची जागा घेत नाही. डॉक्टरांनी रोजचा इनहेलर दिला असेल तर बरं वाटत असतानाही तो चालू ठेवा, आपल्या मनानं सोडू नका. आराम देणारा इनहेलर कुठे ठेवलाय ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. तो घेऊनही धाप थांबत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील तर वाफ, काढा करत वेळ घालवू नका, लगेच 108ला फोन करा.