जुनं आउटबोर्ड: आधी पाणी, मग ठिणगी, मग पेट्रोल

जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगायचं इंजिन, हाती आलं की पुष्कळजण पहिल्यांदा कव्हर घासून रंगवायला घेतात. रंग शेवटी, भाऊ. नागपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढलेल्या इंजिनातलं रबर कडक पडलेलं असतं, अन् अशी इंजिनं बहुतेक त्या रबरापायीच जातात. माझा हात राजदूत अन् येझदी या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलींवर बसलेला. सध्या बाकावर रामटेकच्या एका ढीवर (मासेमार) भावाच्या डोंग्याचं १९५० च्या दशकातलं जॉन्सन सी-हॉर्स १० आहे, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. त्याच्याच आधारे सांगतो.

कोरडं इंजिन एकदाही चालू करू नका. खालच्या पायात, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या भागात, इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप असतो अन् त्याचा रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) पाण्याशिवाय काही सेकंदांत जळतो. पाय उतरवा, जुना इम्पेलर दिसायला चांगला असला तरी फेकून द्या. नवा बसवताना शाफ्ट इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने फिरवत दाबा, म्हणजे पाती बरोबर बाजूला वाकतात. बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये जाम असतील तर जोर लावू नका. तेल सोडा, थोडी आच द्या, रात्रभर थांबा. बोल्ट तुटला तर हिंगण्याला लेथवाल्याकडे जावं लागतं.

पाय उतरलाच आहे तर गिअर तेलही बघा. दुधाळ निघालं म्हणजे सीलमधून पाणी शिरतंय, सील बदला. नवं तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते.

आता मॅग्नेट, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा. राजदूतचे पॉईंट घासलेल्या माणसाला इथे नवं काही नाही. वरचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, ओढून काढायच्या पुलरनेच काढा, हातोडी मारू नका. पॉईंटचा (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांचा) गॅप ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, फिलर गेजने लावा. या काळातल्या जॉन्सन-एव्हिनरूडच्या कॉइलना तडे गेलेले असतात. तडा दिसला की नवी कॉइल टाका, डिंक-टेप लावून भागत नाही. मग कॉम्प्रेशन मोजा. दोन्ही सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पुढचा खर्च थांबवा अन् आधी रिंगा बघा.

बदल करायचाच तर माझ्या मते एकच करण्याजोगा आहे, पेट्रोलच्या टाकीचा. या इंजिनाला दुहेरी नळीची टाकी असते. एका नळीतून क्रॅंककेसची (पिस्टनखालच्या पेटीची) हवा टाकीत जाते अन् तिच्या दाबाने पेट्रोल वर चढतं. म्हणजे डोंग्यात पायापाशी दाबाखालचं पेट्रोल. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात ते मला मुळीच पटत नाही. त्याऐवजी क्रॅंककेसच्या धक्क्यावर चालणारा डायफ्रॅम पंप अन् साधी एकनळी टाकी लावा. पण दोन गोष्टी हमखास चुकतात. मॅनिफोल्डमधला चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) काढावा लागतो, नाहीतर पंपाला नुसता दाब मिळतो, ओढ मिळत नाही. अन् दोन सिलिंडरपैकी एकाचं भोक बंद करावं लागतं, कारण दोघांचे धक्के आळीपाळीने येतात अन् एकमेकांना खाऊन टाकतात. ताकद वाढवायला मात्र पोर्ट (सिलिंडरमधली हवा-धुराची भोकं) घासू नका, या बेअरिंगांना ते झेपत नाही.

तेलाचं प्रमाण २४ ला १, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला सुमारे २१० मिली, आउटबोर्डचंच टू-स्ट्रोक तेल. नव्या इंजिनाचं ५० ला १ इथे लावलंत तर बेअरिंग जातील. पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं अन् त्यातलं इथेनॉल जुन्या नळ्या फुगवतं, कार्ब्युरेटरमधल्या बुचाच्या फ्लोटवरचं लाखेचं लेपण विरघळवतं. नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या, फ्लोट बदला. काम झालं की नळी सोडा अन् इंजिन पाण्यातच आपणहून बंद पडू द्या, कार्ब्युरेटर रिकामा होतो.

पहिली चाचणी २०० लिटरच्या ड्रममध्ये, न्यूट्रलवर, पाणी पंपाच्या वर राहील असं. पाण्याची वेगळी धार शोधू नका, या इंजिनात मागच्या भोकांतून धुरासोबत तुषार येतात. हात हेडवर ठेवा, टेकवता येत नसेल तर लगेच बंद करा.

तलावावर जाताना परवानगी घ्या अन् दोन-तीन शिअर पिना (पंखा शाफ्टला जोडणाऱ्या मऊ पिना) खिशात ठेवा. पिन तुटली म्हणून तिथे खिळा ठोकू नका. जलपर्णीत किंवा दगडाला पंखा अडकला की पिनने तुटायचं असतं, खिळा तुटत नाही अन् गिअरचे दात जातात. जलपर्णीतून बाहेर आलात की इंजिन बंद करून पाण्याची जाळी हाताने साफ करा, मगच पुन्हा दोरी ओढा.