क्रेझी क्विल्टचे ब्लॉक : ‘वरून टाके घालू, झाकलं जाईल’ म्हणत केलेल्या चुका

क्रेझी क्विल्ट म्हणजे निरनिराळ्या कापडांची वेडीवाकडी ठिगळं जोडून, जोडांवर भरतकामाचे टाके घालून केलेली क्विल्ट, आणि ब्लॉक म्हणजे तिचा एक चौकोन. माझा पहिला क्रेझी ब्लॉक १२ इंची व्हायचा होता. भरतकाम संपवून पट्टी लावली, तर एक बाजू साडेअकरा, दुसरी सव्वाअकरा आणि मध्ये तळलेल्या पापडासारखा फुगवटा. वेडीवाकडी ठिगळं तर जोडायची, त्यात चुकणार काय, असं मला वाटत होतं. आणि चुकलंच काही तर वरून टाके आहेतच. टाके बरंच काही झाकतात हे खरं, पण काय झाकतात आणि काय नाही, हे आधी माहीत असलेलं बरं.

माझी चूक मापाची होती. पायाचं कापड, म्हणजे ज्यावर ठिगळं शिवत जायची ते खालचं कापड, मी नेमकं साडेबारा इंच कापलं होतं, तेही दुकानातून आणलेलं कोरं मांजरपाट, न धुता. मांजरपाट आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्या आणि १४ इंच कापा. भरतकाम कापड आत खेचतंच, त्यामुळे ब्लॉक मापात कापायचा तो टाके पूर्ण झाल्यावर. टाके घालताना रिंग लावा, दोरा ओढून ताणू नका. कडेपासून इंचभर जागा मोकळी सोडा, नाहीतर ब्लॉक कापताना फेदर टाक्याची शेपटी कात्रीत जाते. ती जागा ब्लॉक एकमेकांना जोडल्यावर भरता येते. ब्लॉक आधीच आखडला असेल, तर चारही बाजूंनी कापडाची पट्टी जोडून माप पुरं करा. ओढून, ताणून जोडलात तर अख्खी क्विल्ट वाकडी लोंबेल.

आता जोडणी. मधला तुकडा पाचकोनी घ्या आणि बरोबर मध्यात न ठेवता जरा बाजूला ठेवा. दुसरा तुकडा त्यावर सुलटावर सुलट ठेवून पाव इंचावर शिलाई मारा, उलटवा, इस्त्री फिरवा, मगच तिसरा घ्या. असं एकाच दिशेने फिरत जायचं. प्रत्येक नवा तुकडा आधीची पूर्ण कड झाकून थोडा पुढे जायला हवा. घोडं अडतं ते इथेच. हाताशी असलेला सुंदर तुकडा बोटभर कमी पडतो, आपण ‘चालतंय’ म्हणून लावतो, आणि दोन फेऱ्यांनंतर तिथे अशी खाच तयार होते की मशीन आत शिरत नाही. उसवत बसू नका. खाचेवर बसेल असा तुकडा कापा, कडा आत दुमडून इस्त्री करा आणि हाताने तुरपाई घाला. ही डागडुजी टाक्यांखाली बेमालूम लपते. न दुमडलेली, धागे सुटणारी कड मात्र लपत नाही. खणाचा असा तुकडा मी नुसत्या हेरिंगबोन टाक्याने दाबला होता, महिन्याभरात तो टाक्यांखालून सरकत बाहेर आला.

आणखी एक. शिलाईखालचं जास्तीचं कापड कापताना पायाचं कापड बाजूला दुमडून धरा. त्यालाच कात्री लागण्याचा मान माझ्याकडे दोनदा आला आहे.

कापडांची सरमिसळ हीच या प्रकाराची मजा, पण इस्त्रीला ती मजा कळत नाही. शिंप्याकडून आणलेल्या चिंध्यांत रेशीम कोणतं, पॉलिस्टर कोणतं हे नुसतं बघून कळेलच असं नाही. दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. असे तुकडे आणि आजकालची प्लास्टिकची जर यांना मंद इस्त्री, तीही वर सुती फडकं ठेवून. मखमल उलट्या बाजूनेच. घसरणाऱ्या सॅटिनला आणि जॉर्जेटला मागून पातळ पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावलं की ते निमूट बसतात. लाल आणि गर्द निळा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. रंग उतरला तर तो घेऊ नका.

जुन्या रेशमाचा मोह सगळ्यात महाग पडतो. क्रेझी क्विल्टची लाट अमेरिकेत १८८० च्या दशकात आली. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातल्या जपानी वस्तूंचा तिच्यावर परिणाम झाला, असं मानलं जातं. त्या काळात रेशीम वजनदार वाटावं म्हणून त्यावर धातूंच्या क्षारांची प्रक्रिया करत. तेच रेशीम अनेक जुन्या क्विल्टमध्ये आज चिरफळ्या होऊन पडलंय, शेजारची मखमल धडधाकट. आपल्या जुन्या पैठणीचं कारण वेगळं, जर जड आणि घडीवर झिजलेलं रेशीम, पण शेवट तोच. तुकडा उजेडात धरा, दोन्ही बाजूंनी हलकेच ताणा. बारीक चिरा दिसल्या तर फक्त काठ घ्या, पदर राहू द्या. शिवून झालेल्या ब्लॉकमध्ये तुकडा फाटायला लागला, तर त्याच रंगाची बारीक नेट वर ठेवून कडेने टाके घाला. दाट भरतकामाने तो वाचत नाही, सुईच्या भोकांनी उलट लवकर फाटतो.

रंगांचा तोल टाक्यांनी साधत नाही. सगळे ब्लॉक जमिनीवर मांडा, मोबाईलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. गडद ठिगळांचा एका कोपऱ्यात झालेला गठ्ठा लगेच दिसतो. ब्लॉक फिरवून तो मोडा.

गोधडीचा हात बसलेल्यांची चूक शेवटी होते. गोधडीत सगळे थर धावदोऱ्याने शिवतात. तोच धावदोरा इथे घातला की भरतकाम दबून जातं आणि मागे सुरकुत्या पडतात. क्रेझी क्विल्टमध्ये बहुधा कापूस भरत नाहीत. अस्तर लावून चार-पाच इंचांवर, जोडाच्या जागी, मागून दोऱ्याच्या गाठी मारतात. धावदोरा आधीच घातला असेल तर तो काढा, वाफेची इस्त्री मागच्या बाजूने फिरवा आणि गाठी मारा. सुईची भोकं सुती कापडात मिटतात, सॅटिनवर राहतात.